खंड्याचा पुढचा उजवा पाय

मागच्या महिन्यात पनवेलच्या बाजारात एका बाईंनी मला वाटेत गाठलं. त्यांच्या हातात दोरी, दोरीला तपकिरी कुत्रा, आणि कुत्रा पुढचा पाय उचलून उभा. "तुमच्या कुत्र्याला असंच काहीसं झालं होतं ना हो? काय केलंत तुम्ही?" मी मासळीची पिशवी खाली ठेवली, भर रस्त्यात फतकल मारली आणि त्याचा पाय खांद्यापासून नखापर्यंत चाचपला. पंजात बाभळीचा काटा होता, दुसरं काही नाही. काटा काढला, बाई हसत निघून गेल्या. मला मात्र उठता येईना.

काय केलंत तुम्ही, असं विचारलं होतं त्यांनी. त्याचं उत्तर मी तिथं दिलं नाही, ते इथं देते. यात शहाणपणा कमी आणि चुका जास्त आहेत. कोणाला उपयोग झाला तर चांगलंच आहे. नाही झाला तर निदान माझ्या छातीवरचं ओझं तरी उतरेल.

बांधावरचं घर

तेव्हा पनवेलला आगगाडी यायची होती. खाडीकाठी मिठागरं होती आणि त्यातल्या एकाच्या बांधाला लागून आमचं घर होतं. मी पनवेल गावातली, सातवी पास. लग्न होऊन तिथं गेले तेव्हा माझं बोलणं ऐकून सगळे हसायचे, "मास्तरीणबाई आली" म्हणायचे. घरात माणसं तीनच, मी, आमचे हे आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

मामांनी जन्मभर मीठ पिकवलं. उन्हात त्या पांढऱ्या मिठाकडे बघून बघून त्यांचे डोळे गेले होते. उजेड आणि अंधार कळायचा, समोर माणूस आला तर सावलीसारखं काही हललेलं दिसायचं, बस. तरी म्हातारा घरात बसायला तयार नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ बांधावरून फेरी मारायचाच. खेकडे बांधाला भोकं पाडतात. त्यातून खाडीचं पाणी आत येतं, आणि भोक वेळेवर बुजवलं नाही तर एखाद्या मोठ्या भरतीत बांध फुटून मीठ वाहून जातं. ते पाणी झिरपण्याचा बारीक आवाज मामांना ऐकू यायचा. आम्हा डोळेवाल्यांना भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा.

मामांना बांधावर न्यायचा-आणायचा तो खंड्या. उंच, काळा, डावा कान फाटलेला, आणि स्वभावाने आमच्या ह्यांच्यापेक्षा शांत. गळ्यात दोरी नव्हती. मामा त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि दोघं निघायचे. खंड्या नेहमी खाडीच्या बाजूने चालायचा, म्हणजे मामांचा पाय तिकडे घसरू नये. परत येताना तो आपणहून बाजू बदलायचा आणि मामा हात बदलायचे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मिठाचं लंगडणं

चैत्रात खंड्या लंगडायला लागला.

आता हे नीट समजून घ्या, कारण आमची पहिली चूक इथली आहे. मिठागरात चैत्र-वैशाखात सगळेच लंगडतात. दिवसभर खारट पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडतात, त्या भेगांत मीठ जातं आणि संध्याकाळी माणूस टाच टेकायला भितो. कुत्र्यांचंही तेच होतं. औषध ठरलेलं. रात्री गोड्या पाण्याने पाय धुवायचे, करंजाचं तेल चोळायचं आणि पावसाची वाट बघायची. पाऊस लागला, मीठ बंद झालं की पंधरा दिवसांत पाय आपोआप भरून येतात. डॉक्टरकडे कोण जातो त्यासाठी? गेलं असतं तर गावभर हसं झालं असतं.

मी खंड्याच्या पायाला तेल चोळत होते. मामा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "यो मिठाचा नाय गो. मिठानं चारी पाय दुखतात. याचा एकच दुखतंय."

"एका पायाला जास्त भेगा असतील."

"पाठीवर हात असतो माझा. मना कळतंय. उजव्या अंगाला टेकतच नाय तो."

मी दिवसभर मीठ ओढून आले होते. कंबर मोडलेली, डोकं तापलेलं. मी फटकन बोलून गेले, "मामा, तुम्हाला दिसतं तरी का?"

मी तेलाची वाटी उचलून आत गेले. इतकं साधं सांगितलं होतं त्यांनी, चार आणि एक. दुसरीतलं पोर समजलं असतं. मी सातवी पास बाई, मला समजलं नाही.

पाऊस लागला तरी

पाऊस लागला. मिठाच्या राशी पेंढ्याने झाकून झाल्या. माझे पाय बरे झाले, ह्यांचे बरे झाले, शेजारच्या मिठागरावरची दोन कुत्री पुन्हा उड्या मारायला लागली. खंड्या तसाच. आषाढात मला त्याच्या मनगटाच्या जरा वर सुपारीएवढी गाठ लागली. पंधरा दिवसांनी ती लिंबाएवढी झाली. हात लावला तर गरम लागायची.

ह्यांनी हाडवैद्याला आणलं. चांगला नावाजलेला माणूस, माणसांची हाडं बसवणारा. त्याने लचक म्हणून निदान केलं, गाठीवर लेप थापला आणि बांबूच्या कांबी लावून पट्टी आवळली. खंड्याने जन्मात कोणाला दात लावला नव्हता, त्या दिवशी त्याने वैद्याचं धोतर फाडलं. वैद्य चिडून म्हणाला, "कुत्रा पिसाळलाय." मला हसू आलं. नंतर दोन दिवस खंड्या त्या पट्टीखाली जे विव्हळला, ते ऐकून हसणारी मी कोण होते असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच विळ्याने पट्टी कापून टाकली. ज्यांच्या घरी अशी गाठ असेल त्यांनी ती कधी चोळू नये आणि आवळून बांधू नये, एवढं तरी माझं ऐका.

मग आम्ही बैलगाडीत घालून खंड्याला पनवेलला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, सायकलवरून गावोगाव फिरायचे. त्यांनी गाठीला बोटाने अगदी हलकं शिवून बघितलं. मग म्हणाले, "हाडाचा फोटो काढायला हवा. तो मुंबईत निघेल. लवकर न्या."

लवकर कसं नेणार? एस्टीचा कंडक्टर कुत्र्याला आत घेईना. आमचं मीठ मचव्यातून मुंबईला जायचं, पण पावसात मचवे बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी पाण्यात घालत नाही. मी म्हटलं, एखाद्या ट्रकवाल्याला विचारा. हे म्हणाले, "आता महिन्यावर तर आली पुनव." म्हणजे आधी आम्ही पाऊस यायची वाट बघितली आणि मग पाऊस जायची. आमची सगळी कामं भरती-ओहोटीवर, तिथी-पौर्णिमेवर चालतात. ते दुखणं मात्र आमच्या पंचांगाने चालत नव्हतं.

फोटोची काच

पौर्णिमा झाली आणि पहिल्या मचव्याने आम्ही निघालो. मिठाच्या ढिगावर गोणपाट टाकून त्यावर खंड्या, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. मामा धक्क्यापर्यंत आले होते, शेजारच्या मिठागरावरच्या एका पोराचा हात धरून. खंड्या मचव्यातून त्यांच्याकडे बघून भुंकत राहिला. तांडेल, म्हणजे मचव्याचा म्होरक्या, मोठा तोंडाळ माणूस होता. चढताना मला म्हणाला, "वयनी, नवरा आजारी पडला तं त्याला नेशील काय गो अशी?" आणि मग सगळ्या वाटेत त्याने आपल्या डब्यातले सुके बोंबील एकेक करून खंड्याला घातले. खंड्याला लाटेचा हेलकावा बसू नये म्हणून शीड दोनदा बदललं. मला हे त्याने सांगितलं नाही, मला दिसलं.

जनावरांच्या त्या मोठ्या इस्पितळात रांग होती. टांग्याचे घोडे, गाई, एका पारशी आजींचं मांजर. आमचा नंबर दुपारी लागला. फोटो काढताना चौघांनी खंड्याला धरलं. मला बाहेर थांबवलं होतं. आतून त्याचा आवाज आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

डॉक्टरांनी ती काळी काच खिडकीच्या उजेडात धरली. डावा पाय दाखवला, सरळ आणि साफ. मग उजवा. भुंग्याने पोखरलेला वासा बघितलाय? आतून भुगा आणि वरून फुगलेला? तसं ते हाड होतं.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "हाडाचा."

हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. मला वाटायचं तो माणसांना होतो, आणि तोही मुंबईतल्या श्रीमंत माणसांना. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिची घडी घालत बसले.

"कधीपासून लंगडतोय?"

"चैत्रापासून," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तेव्हाच आणला असता तर?"

"तर पाय काढून बघता आलं असतं. तीन पायांवर कुत्री छान चालतात. वाचलाच असता असं मी म्हणत नाही, बाई. पण आता छातीतही डाग दिसतोय. आता पाय काढून उपयोग नाही." मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आवाज खाली करून म्हणाले, "या गोळ्यांनी काही दिवस निभेल. पुढे दुखणं वाढेल. खाणं सोडलं, हात लावू देईना झाला, की तुमच्या पनवेलच्या डॉक्टरांना बोलवा. ते सुई देतील. झोपेत जाईल. उशीर करू नका. लोक उशीर करतात."

परतीच्या मचव्यात मीठ नव्हतं, मोकळ्या तळाशी आम्ही बसलो होतो. हे पहिल्यांदा बोलले ते इतकंच, "बाबांना काय नको सांगू. म्हातारा सोसनार नाय." मी मान हलवली. मला ते तेव्हा मायेचं वाटलं. आता वाटतं, आम्हालाच त्यांच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटत होती. चैत्रात त्यांनी सांगितलं होतं ना!

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "काय बोलला डॉक्टर?"

"हाडाला सूज आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात."

"बरा व्हईल?"

"होईल की."

मामांनी खंड्याचा पाय हातात घेतला, गाठीभोवती बोटं फिरवली, आणि पाय अलगद खाली ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही. मी सुटले असं मला वाटलं.

ओट्यावरचे दिवस

त्यानंतरचे दोन महिने सांगते. आजारी जनावर सांभाळणाऱ्याला याची कोणी कल्पना देत नाही.

सकाळी गोळी. गुळात दिली तर थुंकायचा, भातात दिली तर गोळीभोवतीचा भात खाऊन गोळी बाजूला ठेवायचा, इतका लबाड. शेवटी माशाच्या डोक्यात लपवली की जायची. दारावर येणारी कोळीण रोज दोन डोकी बाजूला काढून ठेवायला लागली. एरवी एका बोंबलावरून माझ्याशी पाव तास भांडणारी बाई! "माझ्याकडं काय बघतंस गो, फेकायचीच व्हती," म्हणायची.

पहाटे मामांची काठी वाजली की खंड्या उठायचा. तीन पायांवर उभा राहून दाराकडे जायचा. त्याला बांधावर जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्याच्या गळ्यात दोरी बांधली. त्याने दोरी ओढली नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. दोन दिवसांनी मामाच म्हणाले, "माझं गुडघं दुखतात. मी काय जात नाय आता बांधावर." गुडघ्यांना काही झालं नव्हतं. दोघं ओट्यावर एका गोधडीवर बसून राहायचे, म्हातारा भिंतीला टेकून, कुत्रा त्याच्या मांडीला टेकून.

बांधाची फेरी मग हे मारायला लागले. भाद्रपदातल्या मोठ्या भरतीला उत्तरेचा कोपरा फुटला. भोक ह्यांना दिसलं नव्हतं. दिवसभर चिखलात उभं राहून सगळ्यांनी माती घातली. संध्याकाळी हे येऊन माझ्यावर ओरडले, "त्या कुत्र्याच्या नादानं घर बुडंल!" मी म्हटलं, "त्या कुत्र्यानेच आजवर राखलं होतं." मग दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर हे खंड्याच्या पायावरच्या माशा वारत बसले होते. मला बघून उठून गेले.

गाठ वाढत गेली. कातडी ताणून चकचकीत झाली, केस गळले. तो चाटून चाटून ती जागा लाल करायचा. मग खोकला सुरू झाला, कोरडा, घशात काही अडकल्यासारखा. एकदा गोधडी बदलताना माझा हात लागला आणि त्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. लगेच सोडला, आणि तेच मनगट चाटायला लागला. मी त्याच्या अंगावर ओणवी होऊन रडले. मामा शेजारीच होते. त्यांनी "काय झाला?" असंही विचारलं नाही.

सुख म्हणावं तर एकच. दुपारी गोळी लागू पडली की त्याला गाढ झोप लागायची आणि झोपेत तो पळायचा. चारी पाय हलायचे.

त्याच दिवसांत एकदा मी तांदूळ निवडत होते. मामा मला म्हणाले, "जवा त्याची वेळ येल ना, तवा मना सांग. मी बसन त्याच्यापाशी."

सरळ, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आणि मी काय म्हणाले? "काहीतरीच काय मामा! बरा होतोय तो."

अष्टमी

नवरात्रात त्याने माशाचं डोकंही सोडलं. तीन दिवस पाणी तेवढं. कोणी ओट्यावर पाऊल ठेवलं तरी त्या धक्क्याने किंचाळायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होत होतं. मी ह्यांना म्हटलं, आता बोलवू या डॉक्टरांना. हे म्हणाले, "बाबा?" आम्ही ठरवलं की मामांना अष्टमीला वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या बहिणीच्या, गावी देवीला न्यायचं. दोन दिवस राहतील. तोवर सगळं आटपेल. आल्यावर सांगू, आपणहून गेला.

सकाळी हे गाडी जुंपून आले. खरं तर सुटले. ही वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून गाडी हाकायचं काम त्यांनी घेतलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मामा धुतलेली बंडी घालून ओट्यावर बसले होते. उठेनात.

"मी जाऊ ना गो?"

"जा मामा. मी आहे ना त्याच्याजवळ."

त्यांनी खंड्याच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्याला म्हणाले, "मी राहत नाय तिकडं. सांजच्याला येतंय." खंड्या उठायला धडपडला, पडला. गाडी गेली. वाट दिसेनाशी झाली तरी तो तिकडेच बघत होता.

दहाच्या सुमारास डॉक्टर सायकलवरून आले. ओट्यावर चढण्याआधी त्यांनी बूट काढले, धक्का बसू नये म्हणून. अशी माणसं असतात. खंड्याला बघून त्यांनी मान हलवली आणि पेटी उघडली.

"याचं माणूस कोण घरात? ज्याचा याला जास्त लळा आहे ते? त्यांनी डोक्यावर हात ठेवला तर बरं. जनावर घाबरत नाही."

"मीच," मी म्हणाले.

मी हात ठेवला. खंड्याने माझा हात हुंगला. मग तोंड फिरवून भिंतीपाशी मामा बसायचे ती जागा हुंगली, आणि मान वळवून वाटेकडे तोंड केलं. डॉक्टरांनी पायाला स्पिरिटचा बोळा लावला. तेव्हा तो मोठ्याने ओरडला नाही, फक्त वाटेकडे बघत राहिला. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याच्या पायांतली ओढ सैल झाली, दुखरा पाय जमिनीला टेकला. कितीतरी महिन्यांनी टेकला.

हे दुपारी परत आले. आम्ही दोघांनी बांधाच्या कोपऱ्यावर, नवी माती घातली होती तिथं, खड्डा केला. खड्ड्यात मीठ घालायची आमची रीत आहे. ह्यांनी दोन पाट्या आमच्याच राशीतलं मीठ आणून घातलं. मग बैल पुन्हा जुंपून वन्संच्या गावी गेले, कारण म्हातारा तिथं राहायला तयार नव्हता, असं ते सांगत आले होते.

स्पिरिटचा वास

दिवेलागणीला गाडी आली. मामा उतरले आणि काठी न टेकता सरळ ओट्याकडे आले. गोधडीवर हात ठेवला. गोधडी रिकामी.

मी घोकून ठेवलेलं बोलले, "मामा, दुपारी गेला तो. झोपेतच. आपणहून."

त्यांनी गोधडी उचलून नाकाशी नेली. आम्हाला तो वास येतच नव्हता. "दवाखान्याचा वास येतंय," ते म्हणाले.

हे गाडीपाशी उभे होते. बैल सोडायचेच राहिले.

"सुई टोचली ना?"

"हो मामा."

"बरा केलास. लय दुखत व्हता त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचा तोंड कुनीकडं व्हता?"

मला खोटं बोलता आलं असतं. दिवसभर तेच तर केलं होतं. पण तोंडातून खरं निघालं. "वाटेकडे, मामा."

म्हातारा मान हलवत राहिला. "मी बोल्लू व्हतू त्याला, सांजच्याला येतंय." आणि मग माझ्याकडे तोंड करून, आवाज जराही न चढवता, "तुलापन बोल्लू व्हतू."

त्या घरात मी खूप बोलणी खाल्ली असतील, आठवत नाहीत. हे तीन शब्द आठवतात. मी पायाशी बसून त्यांची क्षमा मागितली. त्यांनी रागाने काही म्हटलं नाही, आणि क्षमा केली असंही म्हटलं नाही. त्या रात्री जेवले नाहीत. गोधडी घडी करून उशाला घेतली.

सांगायचं ते

म्हणून विचारणाऱ्यांना मी हे सांगते. चारी पाय दुखत असतील तर तेल चोळा. एकच दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, भले गाव हसू दे. गाठ चोळू नका. सुई द्यायची वेळ आली तर द्या, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तो निर्णय बरोबर होता. पण ज्याचं ते जनावर आहे त्या माणसाला बाजूला काढू नका. तो सोसणार नाही, असं तुम्ही ठरवू नका. मामांना कधीच सगळं कळलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या बोटांना कळलं होतं, मुंबईच्या काचेच्या आधी. त्यांनी माझ्याकडे मागितलं ते एवढंच की मला तिथं असू दे. मी त्यांचं दुःख वाचवायला गेले आणि त्या मुक्या जीवाला शेवटच्या घटकेला परक्या हाताखाली मारलं. माझा हात परका नव्हता, पण त्याला हवा तो नव्हता. याला काही उपाय नाही. मी शोधून पाहिला.

दसऱ्याच्या सकाळी मामांनी काठी घेतली. "बांधावर जाऊन येतंय," म्हणाले. आमच्यात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. समोरून जातानासुद्धा पदर सावरून, अंतर ठेवून जायचं. मी मनाचा हिय्या केला, त्यांच्याजवळ खाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिले, त्यांचा हात धरला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "चला मामा," म्हटलं, "मी नेते."

त्यांनी हात काढून घेतला नाही. चार पावलं आम्ही तसेच चाललो. मग ते थांबले, आणि माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी हळूच उचलला.

"तू उंच हायस गो," ते म्हणाले.

आणि तो हात मांडीच्या उंचीला, पुढे पसरून धरून, ते एकटेच बांधाकडे चालायला लागले.